म्हातारीचा उजवा डोळा

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात माझी ओळख 'पेंटिंगवाल्या मावशी' अशी करून देतात आणि त्यातून दर गणपतीला एक तरी घोटाळा होतो. मागच्या खेपेला पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं भेटलं. नवऱ्याने फार अदबीने विचारलं, "मावशी, तुम्ही फक्त इंटिरिअर करता की एक्स्टिरिअर पण? आमचं गराज रिपेंट करायचंय." बायकोने त्याला कोपर मारलं. मी म्हटलं, "करीन की. पण तळहाताएवढ्या जागेला मला चार महिने लागतात." तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

या अंकाची संपादक केतकी मूळची नागपूरची, इथे आयटीत आहे. तिने पिच्छाच पुरवला. "मावशी, एकदा नीट लिहूनच टाका ना यार, तुम्ही एक्झॅक्टली काय करायच्या ते. मी ऑनलाइन सर्च केलं, तरी कळलं नाही." मावशीला 'यार' म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. पण मागणी रास्त होती.

तर, मी चित्रं काढत नाही. चारपाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेली चित्रं मळतात, तडकतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. शिवाय मधल्या काळात कोणी ना कोणी त्यांच्यावर नको ते उद्योग करून ठेवलेले असतात. ते सगळं निस्तरणं हे माझं काम. इथल्या एका संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी ते तीसेक वर्षं केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून आम्ही मिशिगनला आलो. माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती आणि पेणचे हात होते. दोन्ही उपयोगी पडले.

पेणचे हात म्हणजे काय, ते सांगते. आमचा गणपतीचा कारखाना होता. वडील आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. आखणी सगळ्यात शेवटी. तोवर ती नुसती माती, डोळे उघडले की देव. वडिलांचा डोळा ठरलेला असे. पापणीची कमान अशी, बुबुळ एवढं, त्यातला पांढरा ठिपका इथेच. शंभर मूर्तींचे दोनशे डोळे एकसारखे उतरले पाहिजेत, हेच त्यातलं कसब. एखाद्या गणपतीचा डोळा शेजारच्या बाळूकाकांसारखा दिसला असता, तर गिऱ्हाइकाने मूर्ती परत आणून दिली असती. मी परकर-पोलक्यात त्यांच्या मांडीशी बसून रंगाच्या वाट्या धरत असे आणि कोण कुठे चुकलं ते लांबून ओळखत असे.

म्हणून नोकरीच्या पहिल्या आठवड्यात युरोपातल्या मध्ययुगातल्या देवचित्रांसमोर उभी राहिले, तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही. मागे सगळीकडे सोन्याचा वर्ख, मधे भली मोठी मेरी, मांडीवर बाळ. नाक ठरलेलं, बोटं ठरलेली, डोळे ठरलेले. ज्या माणसाने ते चित्र करवून घेतलं तो बिचारा खाली कोपऱ्यात हात जोडून बसलेला, मेरीच्या पावलाएवढा. देव मोठा आणि माणूस छोटा, यात आम्हा पेणकरांना समजावून सांगण्यासारखं काय आहे?

आमचे प्रमुख होते टेड. उंच, मितभाषी आणि हाताखालच्या माणसाला शब्दाने न दुखवता पाणी पाजणारे. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते एका मेरीचा निळा झगा पुसायचं. कशाने? तर थुंकीने! आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे. माणसाच्या लाळेत जी पाचक द्रव्यं असतात, ती धूर आणि तेलकट मळ फार अलगद सोडवतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर भिजवायचा आणि चित्रावर फिरवायचा. देवाच्या चित्राला उष्टं लावायचं? मी तासभर कापूसच वळत बसले. टेड मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता नोकरी गेली. तर ते माझी कापसाची बोंडं उचलून बघायला लागले. घट्ट, टोकदार, एकसारखी. त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "देवघरात. वाती वळताना." त्या दिवसापासून लॅबमधल्या नव्या मंडळींना कापूस वळायला मी शिकवू लागले. उष्ट्याचं म्हणाल, तर मेरीची मनातल्या मनात माफी मागून मी तो झगा पुसला. त्यात फक्त दुपारच्या डब्यात लिंबाचं लोणचं आणायचं बंद करावं लागलं. आंबट लाळ रंगाला चालत नाही.

पण मला खरी ओढ लागली ती पुढच्या दालनाची. तिथे शेदीडशे वर्षांत काहीतरी मोठं घडून गेलेलं दिसतं. इटलीतल्या शहरांमधून लोक ग्रीकांची, रोमनांची जुनी पुस्तकं शोधून वाचायला लागले. माणसाचं इथलं, या पृथ्वीवरचं आयुष्य, त्याची बुद्धी, त्याचा देह हे सगळं लक्ष देऊन बघण्यासारखं आहे, असं म्हणायला लागले. पंडितांनी ते ग्रंथांत लिहिलं. चित्रकारांनी त्यापेक्षा सोपी गोष्ट केली. त्यांनी समोरच्या माणसाकडे मान वर करून बघितलं. मग कोपऱ्यातला तो पावलाएवढा यजमान वाढत वाढत खऱ्या मापाचा झाला. त्याची सावली पडायला लागली, त्याला दुहेरी हनुवटी आली, दाढीचे खुंट आले. देव कुठे गेले नाहीत. त्यांच्या शेजारी माणसाला बसायला जागा मिळाली, एवढंच. मला विचाराल, तर माणसाच्या जातीने केलेल्या थोर कामांमध्ये मी याची गणना करते. आणि त्या कामाची मी तीस वर्षं झाडलोट केली, याचा मला गर्व आहे. विनय वगैरे नंतर बघू.

हे लोकांना पटवणं सोपं नसतं हो. आमच्या मंडळातल्या एका काकांनी त्यांच्या पणजोबांचं तैलचित्र भारतातून आणवलं. पगडी, उपरणं आणि नाकाच्या बाजूला चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ. काकू म्हणाल्या, "शुभाताई, सगळं क्लीन करा आणि जमलं तर ती चामखीळ तेवढी काढून टाका. सोफ्याच्या वर लावणार आहोत, गेस्ट आले की त्यांची नजर आधी तिथेच जाते." मी म्हटलं, "काकू, पगडी काय, तेव्हा शंभर जणांची तशीच होती. चामखीळ एकट्या पणजोबांचीच आहे." काकूंना ते फारसं रुचलं नाही. काका मात्र लगेच स्वतःचं नाक चाचपायला लागले. चित्र चामखिळीसकट सोफ्यावर लागलं आहे.

आता जे सांगायला बसले आहे ते सांगते. निवृत्तीच्या तीन वर्षं आधीची गोष्ट.

मिसेस हॅलोवे नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई संग्रहालयाला एक चित्र भेट द्यायचं म्हणत होत्या. लाकडी फळीवरचं, इटलीतलं, पंधराव्या शतकातलं. सोनेरी पार्श्वभूमीवर मेरी आणि बाळ. उजवीकडे खाली गुडघे टेकून बसलेली एक स्त्री, चांगली मेरीच्या कमरेपर्यंत येणारी. अंगावर काळा झगा, डोक्यावरून पांढरं वस्त्र. म्हणजे विधवेचा वेश. चेहरा मात्र विशीतल्या मुलीचा, गोड, गुलाबी गालांचा. भेट देण्याआधी चित्र स्वच्छ करून द्यावं, अशी बाईंची इच्छा होती. तपासणीच्या परवानगीवर त्यांनी सही केली होती आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की साफसफाईची चाचणी फक्त पार्श्वभूमीवर करायची.

मला तो चेहरा पहिल्या दिवसापासून खटकत होता. विधवेच्या वस्त्रात ही गोंडस पोर कशी आली? आम्ही चित्र अतिनील दिव्याखाली धरलं. जुनं वार्निश त्या प्रकाशात हिरवट चमकतं आणि नंतर चढवलेला रंग काळा दिसतो. मुलीचा सगळा चेहरा काळा दिसला. मग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने खालचं रेखाटन पाहिलं. आधी मेरी. तिच्या चेहऱ्याच्या कडेने बारीक बारीक ठिपके होते. म्हणजे चित्रकाराने खाका वापरला होता. कागदाला टाचणीने भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड झटकायची. आपल्याकडे रांगोळीला ठिपक्यांचा कागद वापरतात, तसंच. मेरी साच्यातली होती, वडिलांच्या गणपतीसारखी. आणि त्या स्त्रीच्या चेहऱ्याखाली एकही ठिपका नव्हता. तिथे हाताने ओढलेल्या रेघा होत्या. नाकाची रेघ तीनदा बदललेली, जबडा एकदा वर, एकदा खाली. तो माणूस अडखळला होता. कारण समोर कोणीतरी बसलं होतं आणि तो बघत होता! एका हाताने, एका फळीवर, वीतभर अंतरात दोन्ही युगं होती. ओघळलेल्या गालांची, म्हातारी, खरीखुरी बाई त्या गुलाबी रंगाखाली गाडलेली होती. शेदीडशे वर्षांपूर्वी कोणा व्यापाऱ्याने चित्र खपावं म्हणून तिला तरुण करून टाकलं असावं. मला इतका आनंद झाला की मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि मग मी चूक केली.

चाचणी म्हणजे आम्ही एक बारीक खिडकी उघडतो. मसुराच्या डाळीएवढ्या जागेतला वरचा थर काढून खाली काय आहे ते बघतो. नियम असा की ती कडेला, कुठेतरी न दिसणाऱ्या जागी घ्यायची. चेहऱ्याला कधीही आधी हात लावायचा नाही. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवायची. पण मी आखणी करणाऱ्याची मुलगी. कडेला बघून मला काय कळणार? डोळा उघडल्याशिवाय आतलं कोणी हजर आहे की नाही, ते कसं समजायचं? कागदावरची सही, अट, सगळं माहीत असून मी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या उजव्या डोळ्यावर रंग सोडवणाऱ्या द्रावकात भिजवलेला कापूस टेकवला. दोन रंगांच्या मधे जुन्या वार्निशचा थर होता, म्हणून वरचा रंग सहज सुटला. अर्ध्या तासात एक डोळा उघडा झाला. पापणी जड, कड लालसर, खाली पाणी साचलेलं. असा डोळा मी चित्रात तोवर पाहिला नव्हता. वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचा असतो तो.

टेडना सांगितलं, तेव्हा ते आधी सूक्ष्मदर्शकावर वाकले. "डोळा सुंदर आहे," ते म्हणाले, "पण शुभा, तो उघडायचा अधिकार तुला नव्हता. आता हे तूच त्यांना सांगायचंस."

मिसेस हॅलोवे काठी टेकत आल्या. मी सगळं नीट सांगायचं ठरवून ठेवलं होतं. खाका, रेघा, इटलीतले पंडित, सगळं. त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. एका चेहऱ्यात एक डोळा विशीतला आणि एक सत्तरीतला. भयंकर दिसत होतं ते, मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"माझ्या एलेनच्या चेहऱ्यात तुम्ही हे काय घातलंत?" त्या म्हणाल्या.

एलेन त्यांची मुलगी. बाविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेली. त्यानंतर वर्षभराने नवऱ्याने हे चित्र एका लिलावात पाहिलं आणि चेहरा हुबेहूब एलेनसारखा म्हणून घरी आणलं. तेव्हापासून ते जेवणाच्या खोलीत होतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माणसाकडे नीट बघण्याचं कौतुक सांगत फिरणारी मी, त्या चित्राच्या मालकिणीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

त्यांनी चित्र परत मागितलं. मी म्हटलं, "तुमचं चित्र आहे, नक्की न्या. मी पुसलेला डोळा मी पुन्हा रंगवून देते, पूर्वीसारखा. मला येतं ते. चूक माझी आहे." टेडनी माझ्याकडे चमकून पाहिलं. भेट हातातून जात होती, तरी ते मधे बोलले नाहीत.

"तोच डोळा येईल?" बाईंनी विचारलं.

"तसाच दिसेल. पण तो मी काढलेला असेल." खोटं बोलावंसं वाटलं नाही.

त्या खाली बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही ज्यातून बघता, त्यातून मला बघू दे." मी सूक्ष्मदर्शक त्यांच्या उंचीला आणला. त्या वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी काहीही समजावलं नाही. तोंड बंद ठेवणं मला एरवी जमत नाही, त्या दिवशी जमलं.

"ही रडते आहे का?"

"नाही. वय झालं की डोळ्यांना पाणी येतं, तेच चित्रकाराने काढलंय."

"मलाही येतं. डॉक्टर थेंब देतात, काही उपयोग नाही." मग त्या सरळ बसल्या. "ही कोण होती?"

"नाव कुठेच नाही. विधवा होती, म्हातारी होती आणि कोणीतरी तिच्यासमोर बसून तिच्याकडे मन लावून पाहिलं, एवढंच खात्रीने सांगता येईल."

त्या दिवशी त्या काही न ठरवता गेल्या. चित्र ठेवून गेल्या. मी तीन आठवडे धड जेवले नाही. मला भीती नोकरीची नव्हती. त्या बाई माझ्यामुळे मुलीला दुसऱ्यांदा गमावणार होत्या, नाहीतर त्या फळीतली म्हातारी पुन्हा गाडली जाणार होती, आणि दोन्हींचं कारण मी असणार होते. शेवटी त्यांचा फोन आला. "एलेन म्हातारी झालीच नाही," त्या म्हणाल्या, "मी झाले. त्या बाईला बाहेर काढा. पण संपत आलं की मला बोलवा."

आधी आम्ही त्या तरुण चेहऱ्याचे प्रत्येक प्रकाशात फोटो काढले, खऱ्या मापाची प्रत बाईंना दिली. मग चार महिने मी त्या चेहऱ्यावर काम केलं. कपाळ आलं, ओघळलेला जबडा आला, वरच्या ओठावरची बारीक लव आली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम दुसरं केलेलं नाही, हे मी ठामपणे सांगते. शेवटी डाव्या गालावर गुलाबी रंगाचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा तेवढा उरला. मी फोन केला.

त्या आल्या. चित्राशी बसल्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर तो तरुण गालाचा तुकडा तेवढा चमकत होता. "आता हे काढाल?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, द्रावकात कापूस भिजवला आणि काडी उचलली. त्यांनी हात पुढे केला.

बाहेरच्या माणसाच्या हातात काडी देणं आमच्याकडे कल्पनेतही बसत नाही. एका चुकीने मी पोळलेली होते. टेड खिडकीशी उभे होते. ते पाठमोरे झाले आणि बाहेरची गाड्या लावायची जागा बघायला लागले. मी बाईंच्या हातात काडी दिली आणि त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला. त्यांनी गोल गोल, अगदी हळू फिरवलं. जेवलेल्या लहान मुलाचं तोंड पुसतात ना, तसं. गुलाबी रंग कापसावर आला. खालून सुरकुतलेला, करड्या छटेचा गाल वर आला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

वापरलेला कापूस झाकणाच्या बरणीत टाकायचा असतो. मी बरणी पुढे केली. त्यांनी काडीच्या टोकावरच्या गुलाबी कापसाकडे पाहिलं आणि बरणी हाताने बाजूला सारली. पर्समधून रुमाल काढला, कापूस त्यात घडी घालून ठेवला आणि पर्स बंद केली. मी त्यांना अडवलं नाही.

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं, 'चेहऱ्यावरचा नंतरचा रंग पूर्णपणे काढला.' कोणी काढला, ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे.